पाचट, चिपाड आणि पिंजरापासून साखर: कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस तुटून गेला की फडात पाचट उरतं, गुऱ्हाळावर चिपाडाचा ढीग लागतो, मळणी झाली की भाताचं पिंजर आणि सोयाबीनचं भुसकट हाती येतं. यातून साखर काढता येते आणि त्या साखरेपासून इथेनॉल, हे आता बहुतेकांच्या कानावर आलेलं आहे. त्यावर करवीर-शिरोळपासून चंदगडपर्यंतचे शेतकरी आणि विज्ञानाचे विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. रसायनशास्त्र लागेल तेवढंच घेतलं आहे. हिशेब मात्र पुरते मांडले आहेत, कारण या विषयात बहुतेकांची फसगत हिशेबातच होते.

पाचटात खरंच साखर असते का? चावून बघितलं तर गोड लागत नाही.

असते, पण बांधलेली असते. जोंधळ्याचा दाणा आणि त्याच जोंधळ्याचा कडबा, दोन्हींत मुख्यतः ग्लुकोजच असतं. दाण्यात ते स्टार्चच्या रूपात असतं, कडब्यात सेल्युलोजच्या. फरक फक्त ग्लुकोजचे कण एकमेकांना कोणत्या बाजूनं जोडलेत याचा. स्टार्चचा जोड आपल्या लाळेतलं एन्झाइमसुद्धा (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) तोडतं, म्हणून भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते. सेल्युलोजचा जोड तोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाहीच.

कोरड्या पाचटात किंवा चिपाडात साधारण ३५ ते ४५ टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि १५ ते २५ टक्के लिग्निन असतं, उरलेली राख आणि किरकोळ पदार्थ. पहिल्या दोघांपासून साखर मिळते. लिग्निनपासून मिळत नाही, ते जळणाच्या कामाचं.

मग ती साखर सुटी करणं एवढं अवघड का?

गगनबावडा-राधानगरीकडची जुनी कुडाची भिंत आठवा. उभ्या काठ्या म्हणजे सेल्युलोज, काठ्या बांधणारे वेल म्हणजे हेमिसेल्युलोज आणि वरचं शेणमातीचं लिंपण म्हणजे लिग्निन. आपल्याला काठ्या हव्यात, पण लिंपण खरवडल्याशिवाय आणि वेल सोडवल्याशिवाय त्या हाती लागत नाहीत. शिवाय सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून बसतात की त्यांच्यामध्ये पाण्यालाही शिरायला वाव नसतो.

झाडानं हे मुद्दाम असं केलेलं आहे. ऊस वर्ष-दीड वर्ष पावसात, वाऱ्यात उभा राहतो, बुरशी आणि किडीला पुरून उरतो, तो यामुळेच.

साखर काढण्याची पद्धत थोडक्यात काय आहे?

आधी काडी बारीक करायची. मग तिच्यावर पूर्वप्रक्रिया करायची, म्हणजे उष्णता, दाब आणि थोडं रसायन वापरून तिची घट्ट रचना मोकळी करायची. मग एन्झाइम घालून सेल्युलोज तोडायचं. तयार झालेल्या गोड पाण्यात यीस्ट सोडायचं आणि शेवटी ऊर्ध्वपातन करून, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून, इथेनॉल वेगळं काढायचं.

खरा कस पूर्वप्रक्रियेत लागतो. सौम्य गंधकाम्लाच्या पद्धतीत अर्धा ते दोन टक्के आम्लाच्या पाण्यात काडी साधारण १४० ते २०० अंश सेल्सिअसला शिजवतात. त्यात हेमिसेल्युलोज विरघळून बाहेर येतं. वाफेच्या स्फोटाच्या पद्धतीत काडीवर काही मिनिटं दाबाची गरम वाफ सोडतात आणि मग दाब एकदम काढून घेतात. आत शिरलेलं पाणी क्षणात फुगतं आणि धागे फाटून मोकळे होतात. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीनं लिग्निन विरघळतं. अमोनियाचीही एक पद्धत आहे, तिचं गावठी रूप पुढं कडब्याच्या प्रश्नात येईल.

यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती, याला एकच एक उत्तर नाही. ती कच्च्या मालावर, पाण्याच्या उपलब्धतेवर आणि उरलेलं रसायन कुठं जाणार यावर ठरते. शेवटच्या मुद्द्याकडे आपल्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. प्रदूषण झेलणाऱ्या पंचगंगेकाठच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नसावी.

सगळं काम आम्लानंच का उरकत नाहीत? एन्झाइम महाग असतं म्हणतात.

पूर्वी तसंच करत. हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१९ मध्ये तागाच्या चिंध्या तीव्र गंधकाम्लात विरघळवून साखर मिळवून दाखवली होती. म्हणजे ही कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. पुढं महायुद्धांच्या काळात टंचाई आल्यावर लाकडापासून आम्लानं साखर आणि अल्कोहोल काढण्याचे कारखानेही चालले. तंगी संपली की ते बंद पडत.

अडचण अशी की आम्ल साखर करून थांबत नाही, पुढं तयार झालेली साखरही मोडतं. हेमिसेल्युलोजमधून निघणाऱ्या झायलोज या साखरेपासून फरफ्युराल होतं, ग्लुकोजपासून एचएमएफ नावाचा पदार्थ होतो आणि दोन्ही यीस्टला विषारी ठरतात. हेमिसेल्युलोजमधून अॅसेटिक आम्ल सुटतं ते वेगळंच. कमी शिजवलं तर साखर सुटत नाही, जास्त शिजवलं तर करपते. शिवाय आम्लाला टिकतील अशी भांडी महाग, आणि शेवटी चुना घालून आम्ल मारलं की जिप्समचा गाळ पदरात पडतो. एन्झाइम ५० अंशांच्या आसपास, किंचित आंबट पाण्यात काम करतं आणि साखरेला धक्का लावत नाही. दोन-तीन दिवस घेतं, एवढाच त्याचा दोष. आणि किंमत, अर्थातच.

हे एन्झाइम येतं कुठून?

बहुतांशी एका बुरशीपासून. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि इतर सामान भराभर कुजायला लागलं. त्याचा शोध घेताना जी बुरशी सापडली, ती आज ट्रायकोडर्मा रीसी या नावानं ओळखली जाते. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर अनेक वर्षं काम केलं आणि रीस यांच्याच नावावरून तिचं नाव पडलं. सैन्याला कूज थांबवायची होती, पुढच्या पिढीनं तीच कूज कामाला लावली.

ही बुरशी एक नाही तर अनेक एन्झाइम सोडते. एक सेल्युलोजची साखळी मध्येच तोडतं, दुसरं तिच्या टोकापासून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या काढत जातं, तिसरं त्या जोडीचे दोन सुटे ग्लुकोज करतं. तिसरं कमी पडलं की जोड्या साचतात आणि साचलेल्या जोड्या दुसऱ्याचं काम अडवतात. म्हणून बाजारात मिळतं ते या सगळ्यांचं मोजून केलेलं मिश्रण असतं.

आम्ही बेण्याला ट्रायकोडर्मा लावतो. तेच पाचटाच्या ढिगावर टाकलं तर साखर होईल का?

होईल, पण तुम्हाला मिळणार नाही.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं ट्रायकोडर्मा बहुधा व्हिरिडी किंवा हार्झियानम जातीचं असतं. ते रीसीच्याच कुळातलं आणि सेल्युलोज तोडणारं एन्झाइम तेही सोडतं. पण बुरशी एन्झाइम सोडते ती स्वतःचं पोट भरायला. ढिगात ग्लुकोजचा कण सुटला की तीच बुरशी किंवा शेजारचा जिवाणू तो लगेच खातो. ढिगातून वाफ निघताना दिसते ती याच खाण्याची उष्णता. साखर साठवायची असेल तर बुरशीला वेगळ्या टाकीत वाढवून तिचं एन्झाइम गाळून घ्यायचं आणि फक्त ते पाचटात घालायचं, बुरशी नाही. कंपोस्टचा खड्डा आणि साखरेचा कारखाना यांतला सगळा फरक एवढाच आहे. आणि कंपोस्टच हवं असेल तर ट्रायकोडर्मा खुशाल टाका.

म्हैस तर रोज कडबा पचवते. तिला कारखाना लागत नाही.

हा प्रश्न दूध संकलन केंद्रावर हमखास निघतो आणि तो मुळीच बावळट नाही. म्हैससुद्धा स्वतः सेल्युलोज तोडत नाही. तिच्या पहिल्या पोटातले जिवाणू, बुरशी आणि आदिजीव ते काम करतात. पण तिथंही साखर साठत नाही. जिवाणू ती खातात आणि अॅसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्लं सोडतात. म्हशीचं पोट भरतं ते त्या आम्लांवर, आणि दुधाची फॅटही बऱ्याच अंशी त्यातूनच येते.

वेळ आणि रवंथ लक्षात घ्या. ती काडी पुन्हा पुन्हा चावते, भिजवते, दिवसभर अंगाच्या उष्णतेत ठेवते आणि तरीही शेणात न पचलेले धागे उरतातच. लिग्निनपुढं तिचंही काही चालत नाही.

कडब्याला किंवा पिंजराला युरिया लावून ठेवतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

सरळ संबंध आहे. १०० किलो वाळल्या पिंजरावर ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून हवाबंद झाकायचं आणि तीन आठवडे उघडायचं नाही, ही पद्धत पशुवैद्यकीय विस्तार कार्यक्रमांतून वर्षानुवर्षं सांगितली जाते. बंद ढिगात युरियाचा अमोनिया होतो आणि तो लिग्निन-हेमिसेल्युलोजचे काही बंध सोडवतो. पचनीयता वाढते, थोडं नत्रही मिळतं. मोठ्या प्रकल्पांत अमोनिया दाबाखाली वापरून हेच काम काही मिनिटांत करायचा प्रयत्न असतो.

करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. युरियाचं प्रमाण अंदाजानं वाढवू नका आणि ढीग उघडल्यावर वास उडेपर्यंत चारा पसरून ठेवा, मगच घाला. लहान वासरांना हा चारा देत नाहीत. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागलं तर ते दगावू शकतं.

एक टन पाचटातून किती साखर आणि किती इथेनॉल?

एक टन पूर्ण कोरडं पाचट धरू. त्यात ३८० किलो सेल्युलोज आणि २६० किलो हेमिसेल्युलोज आहे असं समजा. सेल्युलोज तुटताना प्रत्येक जोडात पाण्याचा एक रेणू शिरतो, त्यामुळे वजन वाढतं. १६२ भाग सेल्युलोजचे १८० भाग ग्लुकोज होतात. म्हणजे ३८० किलोचे ४२२ किलो. हेमिसेल्युलोजमध्ये १३२ चे १५० होतात, म्हणजे २६० किलोचे सुमारे २९५. कागदावर टनाला ७०० किलोहून जास्त साखर झाली. सभेत हाच आकडा सांगितला जातो आणि टाळ्या पडतात.

आता प्रत्यक्षात या. सेल्युलोजपैकी तीन चतुर्थांश तुटलं तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे ग्लुकोज ३१५ किलोच्या आसपास. एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१० ग्रॅम इथेनॉल होतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. यीस्टनं त्यातलं ९० टक्के काम केलं तर १४५ किलो, म्हणजे सुमारे १८० लिटर. झायलोजचं काही हाती लागलं तर ते वर.

ताळा करायचा असेल तर हरियाणातल्या पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प घ्या. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या काडापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं जाहीर झालेलं उद्दिष्ट आहे. भागून बघा, टनाला १५० लिटर येतात.

उसाच्या रसापासून टनाला साधारण ७० लिटर मिळतं, म्हणून पाचट दुप्पट चांगलं असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. उसाच्या टनात सत्तर टक्के तर पाणीच असतं. आणि रस घाण्यातून निघाल्या निघाल्या आंबवता येतो, पाचटावर मात्र वर सांगितलेला सगळा खटाटोप करावा लागतो.

हेमिसेल्युलोजची साखर यीस्ट का आंबवत नाही?

ती मुख्यतः झायलोज असते, पाच कार्बनची साखर. मोलॅसिसवर वापरलं जाणारं नेहमीचं यीस्ट सहा कार्बनच्या साखरेला सरावलेलं, झायलोजला तोंड लावत नाही. झायलोज आंबवणारी काही यीस्ट निसर्गात आहेत, पण ती अल्कोहोल फारसं सोसत नाहीत. म्हणून नेहमीच्या यीस्टमध्ये जनुकीय बदल करून त्याला झायलोज खायला शिकवतात. दुसरा मार्ग म्हणजे झायलोज वेगळा काढून त्याचं झायलिटॉल किंवा फरफ्युराल करायचं. इथेनॉलपेक्षा त्यांना भाव चांगला मिळतो. बाजारपेठ मात्र लहान आहे.

हे गोड पाणी काहिलीत आटवून गूळ करता येईल का?

नाही. गुळव्याला विचारा, आंबलेल्या किंवा शिळ्या उसाच्या रसाचा गूळ का बसत नाही ते. रसातल्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालं की गूळ चिकट राहतो, ढेप धरत नाही. इथं तर सुक्रोज नावालाही नाही, सगळं ग्लुकोज आणि झायलोज. त्यात पूर्वप्रक्रियेतलं फरफ्युराल, लिग्निनचे तुकडे आणि रसायनांचे अवशेष. हे द्रावण खाण्यासाठी नसतं, चव घेऊन पाहण्यासाठीही नाही.

पाचट, चिपाड, पिंजर, भुसकट: सगळ्यांत चांगला कच्चा माल कोणता?

रसायनाच्या दृष्टीनं चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. ते आधीच चिरडलेलं, धुतलेलं आणि एका जागी गोळा झालेलं असतं. १०० टन ऊस गाळला की २८ ते ३० टन बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. पण ते मोकळं पडलेलं नाही. बॉयलर त्यावरच चालतो, सहवीजनिर्मितीची वीज त्यावरच विकली जाते, आणि उरलंच तर कागद गिरण्या घेतात. गुऱ्हाळाचं चिपाड तर वाळलं की चुलवाणात जातं. ते काढून घेतलं तर गुऱ्हाळवाल्यानं काहिलीखाली काय घालायचं?

पिंजर पश्चिमेकडच्या तालुक्यांत जनावरांचं खाणं आहे. पंजाब-हरियाणात भाताचं काड जाळलं जातं म्हणून ते तिथं स्वस्त. इथल्या दूधवाल्या गावात कुणी पिंजर पेटवताना दिसणार नाही. शिवाय त्यात सिलिका फार, यंत्राची पाती झिजवणारी. सोयाबीनचं भुसकटही थोडंफार चाऱ्यात जातं, आणि राहिलेलं एवढं विखुरलेलं असतं की गोळा करायला परवडत नाही.

राहिलं पाचट. हिरवं वाडं ऊसतोड कामगारांची बैलं आणि गावची जनावरं खातात, पण वाळलेल्या पाल्याला कोणी विचारत नाही. तो पेटवला जातो. म्हणून सगळ्यांची नजर पाचटावर.

मग पानिपतसारखा प्रकल्प कोल्हापुरात चालेल का?

२ लाख टन काडी लागते असं धरा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट मिळतं. त्यातलं निम्मं रानातच ठेवायचं म्हटलं तर हेक्टरी ४ टन हाती येईल. म्हणजे ५० हजार हेक्टर उसाचं पाचट दरवर्षी न चुकता गोळा झालं पाहिजे. जिल्ह्यातल्या उसाच्या क्षेत्राचा हा मोठा तुकडा आहे, आणि तो वीस-तीस गुंठ्यांच्या लहान लहान रानांत विभागलेला आहे.

त्यात वेळेची ओढाताण. ऊस तुटला की शेतकऱ्याला बुडखे छाटून खोडव्याला पाणी द्यायचं असतं. गाठी बांधणारं बेलर यंत्र त्याआधीच्या मोजक्या दिवसांत आलं पाहिजे. वाफसा नसेल तर यंत्र रानात उतरत नाही, आणि रस्त्याकडेचा फड तुटलेला नसेल तर आतल्या रानात जायला वाट नसते. सुटं पाचट ट्रॉलीत कितीही रचलं तरी वजन भरत नाही, डिझेल मात्र तेवढंच जळतं. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि प्रकल्प वर्षभर चालवायचा, म्हणजे गंजी पावसाळ्यातून सांभाळायच्या. आणि आपल्याकडचा पाऊस काही सोलापूरचा नाही. भिजलेली गंजी कुजते, वाळलेलीला आग लागते.

माझं मत विचाराल तर एवढा मोठा स्वतंत्र प्रकल्प इथं नको. आहे त्या साखर कारखान्याच्या आवारात, त्याचीच वाफ, त्याचीच डिस्टिलरी, त्याचीच ऊसवाहतुकीची यंत्रणा वापरून लहान जोडप्रकल्प निघाला तर त्याला काही अर्थ आहे. बॉयलरची कार्यक्षमता सुधारून वाचलेलं बगॅस त्याचा मुख्य कच्चा माल आणि पाचट पुरवणीला.

जगात कुणाचं जमलंय का?

थोड्यांचं. इटलीत क्रेशेंतिनो इथं २०१३ मध्ये मोठा गाजावाजा करून सुरू झालेल्या प्रकल्पाची मूळ कंपनी पुढं दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याच्या धाटांवर दोन मोठे प्रकल्प उभे राहिले. ड्यूपाँटनं आपल्या प्रकल्पातून २०१७ मध्ये अंग काढून घेतलं, पोएट-डीएसएमनं २०१९ मध्ये उत्पादन थांबवलं. रोमानियातला क्लॅरियंटचा प्रकल्प २०२३ च्या अखेरीस बंद झाला.

बराच काळ टिकला तो ब्राझीलमधल्या पिरासिकाबाचा राईझेन कंपनीचा प्रकल्प. तो साखर कारखान्याला लागून उभारलेला आणि बगॅसवर चाललेला. कच्चा माल दारातच, आणि तोही धुतलेला. मातीनं माखलेल्या गाठी शेतातून आणाव्या लागणाऱ्यांची दमछाक झाली. वरच्या प्रश्नात जोडप्रकल्पाची बाजू घेतली, ती यामुळे.

सरकार याला पैसे देतं का?

प्रधानमंत्री जी-वन योजना २०१९ मध्ये याचसाठी आली, तरतूद १९६९.५० कोटींची. २०२४ मध्ये तिची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढवली. पैसा प्रकल्प उभारणाऱ्याला मिळतो, पाचट देणाऱ्याला नाही.

पाचटालाही उसासारखा दर मिळायला हवा की नको?

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हा विषय कधी ना कधी रंगणार, यात शंका नाही. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, ठरते ती उसाला, त्याच्या साखर उताऱ्यावर. पाचटाला असा कोणताही कायदेशीर भाव नाही, जो ठरेल तो घेणारा आणि देणारा यांच्यात. सध्या कुणी रान फुकट साफ करून देतो म्हटलं तरी काही जण खूश होतात. तसं होऊ नये. पाचटासोबत काय जातंय ते आधी मोजा. हिशेब पुढच्या उत्तरात आहे.

पाचट विकू की रानात कुजवू?

पाचटात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.७ ते १ टक्का पालाश असतो. हेक्टरी ८ टन पाचट रानाबाहेर गेलं तर ४० किलो नत्र, १६ किलो स्फुरद आणि ५६ ते ८० किलो पालाश गेला. सेंद्रिय कर्ब गेला तो वेगळा, आणि तो दुकानात पोत्यानं मिळत नाही. एवढ्या खताची आजची किंमत काढा. त्यात आच्छादनामुळे वाचणारं एखाद-दुसरं पाणी आणि तणाची मजुरी मिळवा. घेणारा त्याहून जास्त देत असेल तरच विकण्याचा विचार.

खोडवा ठेवणार असाल तर माझ्या मते पाचटावर पहिला हक्क खोडव्याचा. सरीत पाचट दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक टाकण्याची शिफारस आहे. युरिया कशाला, असं विचारतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, जिवाणूंना ते पुरत नाही. बाहेरून दिलं नाही तर ते जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. खोडवा मोडून दुसरं पीक घ्यायचं असेल आणि नांगरट अडत असेल, तिथं काही पाचट द्यायला हरकत नाही.

पेटवण्याबद्दल एक ऐकू येतं, की राखेचं खत होतं. अर्धवट खरं आहे. पालाश राखेत राहतो, नत्र आणि कर्ब धुरात जातो, आणि राख वाऱ्यानं शेजाऱ्याच्या रानातही जाते.

पूरपट्ट्यातलं पाचट चालतं का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळपर्यंत उसावर गाळाचा थर बसला होता. असं पाचट साखरेसाठी जवळजवळ निकामी. मातीतले क्षार आम्ल खाऊन टाकतात, त्यामुळे पूर्वप्रक्रियेत जास्त आम्ल लागतं. वाळूनं पंप आणि कटर झिजतात. आणि आठवडाभर पाण्यात राहिलेल्या काडीतला सहज सुटणारा भाग आधीच कुजून गेलेला असतो. रानातच गाडा.

साखर वगैरे न काढता सरळ गॅस का करू नये?

करता येतो, आणि बऱ्याच ठिकाणी तेच जास्त शहाणपणाचं. बायोगॅसमध्ये साखर वेगळी काढावी लागत नाही. जिवाणू तोडतात, खातात आणि मिथेन सोडतात, सगळं एकाच टाकीत. झायलोजचीही अडचण येत नाही. पाचटात कर्ब-नत्राचं प्रमाण ८० ला १ च्या आसपास असतं, जिवाणूंना २५-३० ला १ लागतं, म्हणून शेण किंवा प्रेसमड (कारखान्यात रस गाळताना उरणारा गाळ) मिसळावं लागतं. उरलेली स्लरी रानात परत जाते आणि तिच्यासोबत पालाशही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेली केंद्राची ‘सतत’ योजना अशा दाबून भरलेल्या गॅससाठीच आहे. लिग्निन मात्र इथंही तसंच राहतं, आणि न कापलेलं पाचट टाकीत तरंगून साय धरतं, म्हणून बारीक कुट्टी करावीच लागते.

घरी इथेनॉल करून दुचाकीत घातलं तर?

नको. परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे, मग ते गाडीसाठी असो की आणखी कशासाठी. शिवाय साध्या ऊर्ध्वपातनानं पाणी पूर्ण निघत नाही, साधारण ९५ टक्क्यांवर गाडी अडते. पेट्रोलमध्ये मिसळायला निर्जल इथेनॉल लागतं आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा असते.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी प्रयोगशाळेत काय करून बघता येईल?

इथेनॉलपर्यंत जाऊ नका, साखरेपर्यंतच थांबा. तेवढंच नीट केलं तरी चांगला प्रकल्प होतो.

पाचट धुऊन, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून मिक्सरमध्ये दळा आणि चाळून घ्या. निम्मा नमुना तसाच ठेवा. निम्म्याला दीड-दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना अर्धा-पाऊण तास शिजवा. त्यासाठी अॅल्युमिनियमचा कुकर किंवा भांडं चुकूनही वापरू नका. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. शिजलेली काडी लिटमस बदलेनासा होईपर्यंत धुवा. इथं घाई केली तर पुढं एन्झाइम मरतं आणि दोष पाचटाला दिला जातो.

मग दोन्ही नमुने सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.८ ला, सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) घालून ५० अंशांवर हलवत ठेवा आणि ठरावीक तासांनी थोडं द्रावण काढून डीएनएस या साखरेमुळे रंग बदलणाऱ्या रसायनाच्या पद्धतीनं ५४० नॅनोमीटरवर साखर मोजा. एन्झाइमची ताकद फिल्टर पेपर युनिटमध्ये सांगतात. ती मोजण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत आयआयटी दिल्लीच्या तरुणकुमार घोष यांनी १९८७ मध्ये शब्दबद्ध केली. व्हॉटमन क्रमांक १ या गाळणकागदाची ५० मिलिग्रॅमची पट्टी आणि एक तास, एवढ्यावर ती उभी आहे.

आणखी दोन फ्लास्क लावायला विसरू नका, एकात काडी आहे पण एन्झाइम नाही, दुसऱ्यात एन्झाइम आहे पण काडी नाही. विकत आणलेल्या एन्झाइमच्या द्रावणात ते टिकावं म्हणून साखर मिसळलेली असू शकते. डीएनएस तिलाही रंग देतं आणि पाचटातून भरघोस साखर निघाल्याचा भास होतो. बाहेरून आलेला परीक्षक सगळ्यांत आधी काडी नसलेला हाच फ्लास्क विचारतो.